मिरग एकच असतो

सकाळी सात वाजता फाटकाजवळच्या फळ्यावर असं काहीतरी लिहिलेलं असायचं:

'ऊन – दहापर्यंत माणसासारखं. पुढं न्हाई.
वारं – बसलंय. उठंल तवा टोपी धरा.
पाणी – तळ्यात गुडघ्याएवढं.
पाव्हणं – पळस फुललाय, बघा. सावलीला त्याच्याखाली बसू नका, त्याच्यापाशी ती न्हाई.'

आणि संध्याकाळी फाटक लावायच्या आधी त्याच फळ्यावर सगळ्यात खाली एक शब्द यायचा. सकाळचं बरोबर निघालं असेल तर 'खरं' आणि चुकलं असेल तर 'खोटं'. तो शब्द रात्रभर तसाच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा फळा पुसला जायचा. सरकारी फळ्यावर सरकारी माणूस स्वतःच्या हाताने 'खोटं' लिहितो, हे मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही पाहिलं नाही.

भोकरच्या पुढे, किनवटच्या रस्त्याला लागून आमच्या खात्याचं हे जंगल होतं. कागदोपत्री ते नुसतं राखीव जंगल. पण नांदेडहून येणारी मंडळी त्याला ऐटीत नॅशनल पार्क म्हणायची, आणि आम्हीही कुणाची ऐट मोडायला जात नव्हतो. जंगलाच्या रखवालदाराला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. फळा लिहिणारे हे आमचे फाटकावरचे नाकेदार. त्यांना सगळे मामा म्हणायचे. रेंजर साहेबसुद्धा म्हणायचे, रागात नसले तर.

मी मूळचा मुरुडचा. लातूरच्या कॉलेजात मराठी घेऊन एम. ए. झालो आणि खात्यात कारकून म्हणून लागलो. आमच्या घराण्यातला मी पहिला सरकारी नोकर, त्यामुळे अंगात दोन माणसांचा ताठा होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेतून निघून नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, त्याचाही थोडा ताठा होताच. मामांनी पहिल्याच दिवशी तो उतरवला. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "लातूरकर, तुमचा तालुका जिल्हा झाला. तुमी मात्र कारकूनच ऱ्हायलाव."

मी त्यांना जयभीम घालायचो, ते मला शरणार्थ म्हणायचे. ते देवणीकडचे लिंगायत. वर्षभरात अशी सवय झाली की मी सायकलवरून उतरताना शरणार्थ म्हणायचो आणि आतून जयभीम ऐकू यायचं. यात आम्हा दोघांनाही काही विशेष वाटत नव्हतं.

फळा एका बंद पडलेल्या शाळेतून आणलेला होता. त्याच्या कोपऱ्यात कुणा गुरुजींनी ऑइलपेंटने लिहिलेलं 'पट' आणि 'हजर' तसंच राहिलं होतं, पुसता येत नव्हतं. मामांनी ते वाया जाऊ दिलं नाही. पट – वानरं, सगळी. हजर – सगळी. हे मात्र कधीच खोटं निघालं नाही.

माणूस फाटकाशी आला की मामा आधी त्याच्या पायाकडे बघायचे, मग तोंडाकडे. फाल्गुनात सागाची पानगळ झालेली असते, पायाखाली पाला पापडासारखा वाजतो आणि जनावर कोसभर लांबूनच पळतं. म्हणून सकाळी येणाऱ्याला हुकूम, चपला हातात घ्या. आणि दुपारी येणाऱ्याला हुकूम, चपला काढाल तर खबरदार. हे दोन्ही हुकूम एकाच माणसाला एकाच दिवशी मिळाले की तो चक्रावून जायचा. एकदा नांदेडच्या एका बाईंना ते अगदी काळजीने म्हणाले, "ताई, लुगडं नायलॉनचं हाय. बारा वाजता अंगाला चिकटून बसंल. उद्या सुती नेसून या." बाईंचे यजमान भडकले. बाई मात्र दुसऱ्या दिवशी खरोखर सुती साडी नेसून आल्या, आणि येताना यजमानांना घरी ठेवून आल्या.

कांद्याची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत होती. फाटकापाशी एक टोपली असायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मामा एक कांदा द्यायचे, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवायला. यात नवल काही नाही, आमच्याकडे शहाणी माणसंही तो ठेवतात. नवल हे, की बाहेर येताना कांदा परत द्यावा लागायचा. होळीपासून मिरगाच्या पावसापर्यंत तेच कांदे लोकांच्या खिशातून फिरत राहायचे. मोसम संपल्यावर मामा ती टोपली घरी न्यायचे आणि मामी ती आल्या पावली परत पाठवायच्या. "गावभरचं ऊन खाल्लेलं कांदं हायेत ते," म्हणायच्या, "मी न्हाई कालवणात घालणार."

खात्याने एकदा उष्णतामापक पाठवला. मामांनी तो गोठ्यात टांगला. गोठ्यात त्यांची देवणी गाय असायची, पांढरीधोप, काळ्या कानांची आणि घरातल्या कुणापेक्षाही जास्त मानाची. मी त्यांना समजावलं, की मामा, ऊन मोजायचंय, तर तो उन्हात लावा. ते म्हणाले, "लातूरकर, ताप बघायला तुमी नळी जिभंखाली ठेवताव का चुलीत?" मी चिडून नांदेडच्या ऑफिसला विचारलं. उत्तर आलं की मापक सावलीतच टांगायचा असतो. ते पत्र मी मामांना बरेच दिवस दाखवलं नाही. दाखवलं तेव्हा त्यांनी ते गाईला वाचून दाखवलं.

पण त्यांचा फळा म्हणजे नुसती मौज नव्हती. त्यामागे काय होतं ते मला मामींनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ही दोघं देवणी सोडून कामाच्या शोधात इकडे आली होती. जंगलातलं तळं त्या साली दुष्काळी कामावर खोदलं गेलं, आणि खोदणाऱ्यांत ही दोघं होती. चैत्रातली गोष्ट. मुकादमाने विचारलं, आज ऊन कसं आहे, दुपारची सुट्टी द्यायची का? मामा तरणे होते, अंगात रग होती. ते म्हणाले, कालच्यापेक्षा बरं आहे, काम चालू द्या. दुपारी टोपली डोक्यावर असतानाच मामी खाली कोसळल्या. दोन दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या.

"मी तळ्यात पडले न्हाई, तळ्यासाठी पडले," मामी हसत सांगायच्या. "पर ह्यांनी लई जिवाला लावून घेतलं. मी उठले तवा हे उशाशी बसून म्हनून राहिले, मी खोटं सांगितलं, मी खोटं सांगितलं."

पुढे मामा खात्यात लागले आणि त्यांनी मागून घेतलं ते हेच फाटक, कारण तळं तिथून हाकेच्या अंतरावर. फळ्यावर 'पाणी' ही ओळ त्या तळ्याची असायची. सकाळी उठून पाणी बघायचं, गाईशी चार शब्द बोलायचे, तोंड वर करून वाऱ्याचा वास घ्यायचा आणि मग खडू हातात. येणाऱ्याला आजची हवा खरी सांगायची आणि चुकलो तर चुकलो म्हणायचं, एवढीच त्यांची नोकरीची कल्पना होती. पगार मिळतो तो याचाच, असंही त्यांना मनापासून वाटत असावं.

एकदा होळीच्या तोंडावर त्यांनी लिहिलं, 'दुपारी गारा. माळाकडं जाऊ नये.' भोकरच्या एका शाळेची सहल फाटकापर्यंत येऊन परत गेली. पोरं रडकुंडीला आली. आणि त्या दिवशी गारा तर सोडाच, ढगाचा तुकडासुद्धा आला नाही. संध्याकाळी मामांनी फळ्यावर 'खोटं' लिहिलं, नेहमीपेक्षा मोठं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.ने ते भोकरला गेले आणि त्या शाळेत प्रार्थना चालू असताना हेडमास्तरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. प्रार्थना संपल्यावर म्हणाले, "पोरांनो, परवा मी चुकलो. उद्या या. उद्या चुकणार न्हाई." ते 'परवा' नव्हतं, 'काल' होतं, पण बोलताना त्यांची गडबड उडाली. पोरं दुसऱ्या दिवशी आली आणि हवा खरोखर सोन्यासारखी होती. मला तेव्हा हे सगळं जरा अतीच वाटलं होतं. कारकुनाने चूक केली तर तो ती फायलीत खाली सरकवतो, एवढं मी तोवर शिकलो होतो.

आता माझी चूक सांगतो.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. तळं आटत चाललं होतं, शिवारं करपलेली, आणि जो तो पुढच्या मिरगाच्या गोष्टी करायचा. अशात वरून पत्र आलं, की जंगलाला भेट देणाऱ्यांसाठी वसंत ऋतूतील हवामानाची माहिती प्रत्येक फाटकावरून मागवून नव्या लातूर जिल्ह्यातल्या कार्यालयांना आणि शाळांना पाठवावी. माहितीचा नमुना मराठीत तयार करायचं काम रेंजर साहेबांनी माझ्याकडे दिलं. झालं! एम. ए.च्या पदवीला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारली होती. मी रकाने आखले. 'वसंत ऋतूतील हवामान'. 'अभ्यागतांनी घ्यावयाची काळजी'. 'मृगदर्शनाचा संभाव्य काळ'. हरीण म्हणजे अगदीच शाळेच्या पुस्तकातलं वाटलं मला, म्हणून मृग. त्या मृगदर्शनावर मी दिवसभर खूश होतो.

मामांनी नमुना भरून पाठवला. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'वसंत हिकडं येत न्हाई. होळी झाली की उन्हाळा.' दुसऱ्यात, 'टोपी. सुती कापड. पाणी घरून. बारा ते चार झाडाखाली, पळस सोडून.' आणि तिसऱ्यात, 'मृग सात जूनच्या सुमाराला. यंदा भरवसा न्हाई.'

मी तो वाचलाच नाही. शुद्धलेखन तेवढं सुधारलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं, आणि सायक्लोस्टाइल करून सगळीकडे धाडून दिला. हात शुद्धलेखनावरून फिरत होता, डोकं दुसरीकडे होतं.

पंधरा दिवसांनी ऐन चैत्रात, भर दुपारी, आमच्याच खात्यातले एक मोठे साहेब जीप घेऊन आले. नुकतेच पुण्याकडून नव्या जिल्ह्यात बदलून आले होते. त्यांनी लातूरच्या शिक्षकांची मोठी सहल या जंगलात आणायची ठरवली होती, वरपर्यंत सांगूनही टाकलं होतं. आणि आमचंच पत्रक म्हणत होतं, की जूनपर्यंत हरीण दिसणार नाही, आणि जूनमध्येही भरवसा नाही! ते फणफणतच आले होते. फाटकाशी मामा उभे, बाजूला फायली घेऊन मी. त्या दिवशी फळ्यावर शेवटची ओळ होती, 'पाव्हणं – मोठे येणार हायेत. खूश होऊन जातील.'

साहेबांनी जीपमधूनच विचारलं, "तुमच्या इथे मृग आहेत की नाहीत?"

मामा अदबीने म्हणाले, "अजून दोन महिनं हायेत, साहेब."

"दोन महिने? आत्ता एकही नाही?"

"आत्ता कसा असंल? आन् मिरग एकच असतो, साहेब."

"एकच?" साहेब जीपमधून खाली उतरले. "एवढ्या मोठ्या जंगलात एकच?"

"जंगलात काय, सगळ्या मुलखाला एकच. त्योबी गेल्या साली कोरडा गेला."

"कुठे गेला?"

मामांना हा प्रश्न जरा विचित्र वाटला असणार. मिरग कुठे जातो? "पुढं गेला," ते म्हणाले. "त्याच्यामागं आर्द्रा आली. तीबी तशीच गेली."

साहेबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी रुमाल काढला. मला तोवर सगळं कळलं होतं. मृग म्हणजे एकाच्या डोक्यात हरीण आणि दुसऱ्याच्या डोक्यात नक्षत्र, आणि दोघांच्या मध्ये माझा शब्द. एक वाक्य बोललो असतो तर दोघंही हसले असते. पण पहिल्यांदा मला हसू आलं म्हणून मी गप्प बसलो. आणि मग साहेबांचा चेहरा बघितला आणि भीती वाटली, म्हणून गप्प बसलो.

"यंदा तरी दिसेल का?" साहेब दात आवळून म्हणाले.

मामांनी सुस्कारा सोडला. "पंचांगात बघितलं मी. यंदा तो गाढवावर बसून येनार हाय, साहेब."

मिरग कुठल्या वाहनावर बसून येतो ते पंचांगात दिलेलं असतं. हत्तीवर, बेडकावर आला तर पाऊस चांगला, गाढवावर आला तर बेताचाच. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पण साहेब हरणाबद्दल बोलत होते. हरीण गाढवावर बसून येणार, असं एक नाकेदार त्यांना, भर उन्हात, हाताखालच्या माणसांसमोर सांगत होता.

"माझी टिंगल करतोस?" ते ओरडले.

मामा घाबरले. आणि घाबरल्यावर त्यांना जे सुचायचं तेच सुचलं. त्यांनी टोपलीतला एक कांदा उचलून साहेबांच्या हातात दिला. "ऊन लागलंय तुमाला. खिशात ठेवा, साहेब. जाताना परत द्या."

जीप धूळ उडवत गेली. कांदा रस्त्यात पडलेला होता. मामांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि टोपलीत ठेवला.

"काय चुकलं हो माझं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "साहेब लोकांचं काय खरं असतं, मामा." इतकं हुशारीने मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो.

संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. मामा फळ्यासमोर आले. 'खूश होऊन जातील' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली, ओठ हलवत. मग खडू घेतला आणि खाली लिहिलं, 'खोटं'. चूक माझी होती आणि ती ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फळ्यावर लिहीत होते. मी सायकलवर टांग मारली आणि शरणार्थसुद्धा न म्हणता निघालो. त्या दिवशीचा परतीच्या वाटेवरचा घाट मला अजून आठवतो, कारण चढावर मी सायकलवरून उतरलोच नाही. स्वतःला काहीतरी शिक्षा द्यावी असं वाटत होतं.

चार दिवसांनी हुकूम आला. फळा काढून टाकावा. नाकेदाराला महिनाअखेर लाकडाच्या डेपोवर पाठवावं. डेपो म्हणजे तोडलेल्या सागाचे ढीग, चारी बाजूंनी तारा, ना तळं, ना येणारजाणार. रेंजर साहेबांनी मामांना खुलासा मागितला. मामांनी लिहून दिलं, 'हवा सांगितली. साहेबाला लागली.' एवढंच. पुढे मला तोंडी म्हणाले, "मेलेल्या लाकडाला मी कसली हवा सांगू, लातूरकर? त्याला ऊन काय आन् वारं काय!" ते हसले, पण खडू ठेवायची डबी त्यांनी हातात उगाच घट्ट धरून ठेवली होती.

निघताना मामींनी मला हाक मारली. जेवूनच जा म्हणाल्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेल. मी खाली मान घालून जेवत होतो. त्या समोर बसून गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा चुलीसमोरच्या भुईवरून हात फिरवत होत्या.

"त्या कागदावर मिरग कुनी लिहिला हुता?" त्यांनी विचारलं.

म्हणालो, "मी."

"म्हंजे मिरगाचंच इचारलं हुतं न्हवं? मग ह्यांनी मिरगाचंच सांगितलं."

"मामी, मृग म्हणजे हरीणपण असतं."

मामींनी थोडा विचार केला. "आसं व्हय," म्हणाल्या. "आन् हे तुमाला त्याच दिशी म्हाईत हुतं?"

मी हो म्हणालो. त्या मला काहीतरी बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती आणखी अर्धी भाकरी ताटात वाढली. लाज वाटली, ती आजतागायत तेवढीच वाटते.

दुसऱ्या दिवशी मी रेंजर साहेबांपुढे कागद ठेवला. 'सदर नमुन्यातील मृग हा शब्द मी योजला. विचारायचे होते हरणांविषयी. नाकेदारांनी उत्तर दिले नक्षत्राविषयी, व ते बरोबर आहे. भेटीच्या वेळी हे माझ्या लक्षात आले होते, तरी मी बोललो नाही.' रेंजर साहेबांनी तो दोनदा वाचला.

"लातूरकर, नोकरी नवी आहे तुमची," ते म्हणाले. "अनवधानाने झालं असं लिहा. नजरचूक म्हणा. सरकारी भाषेत काय शब्दांना तोटा आहे?"

तोटा नव्हता. एम. ए. करून मी ते सगळे शब्द जवळ बाळगले होते. पण मी माझ्याच हातच्या त्या नमुन्याची प्रत घेतली, 'मृगदर्शनाचा संभाव्य काळ' या रकान्याखाली लाल शाईने 'खोटं' असं लिहिलं, सही केली आणि कागदाला जोडून दिली. वर गेलेल्या फायलीत तो शब्द अजून कुठेतरी असेल.

मला ताकीद मिळाली आणि मोठ्या साहेबांच्या समोर उभं राहून बोलणी खावी लागली. बोलता बोलता साहेब मध्येच थांबले, म्हणाले, "म्हणजे ते गाढव पंचांगातलं होतं?" आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मामांच्या बदलीचा हुकूम त्यांनी फाडला नाही, नुसता परत मागवून घेतला. फळा राहिला आणि मामाही राहिले.

मामांना मी सगळं जाऊन सांगितलं. ते रागावतील म्हणून मनाची तयारी केली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरनाला मृग म्हनत्यात? मग हरीन कशाला म्हनत्यात?"

मामा गाईकडे वळले. "बघ ग," म्हणाले, "यम्येला हे शिकवून राहिले." आणि मग असे हसले, की वानरांनी झाडं बदलली. त्या संध्याकाळी फळ्यावर 'खरं' होतं. त्याखाली कधी नव्हे ते आणखी एक शब्द होता, 'लातूरकरबी.'

मोठे साहेब पुढच्या फाल्गुनात घरच्यांना घेऊन आले. या वेळी सकाळी लवकर, सुती कपड्यात, फळा नीट वाचून. फाटकाशी त्यांनी एकेक शब्द जपून उच्चारला, "हरणं... आहेत का?" मामा छाती फुगवून म्हणाले, "हाव साहेब. मृग लई हायेत." तळ्यावर त्यांना चितळांचा कळप दिसला. बाहेर येताना साहेबांनी न सांगता खिशातला कांदा टोपलीत टाकला.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले, तेही चैत्रातच. मामी आणि गाय आदल्या दिवशी टेम्पोतून देवणीला गेल्या होत्या. गाईला एस. टी.त घेत नाहीत म्हणून, नाहीतर तिचं तिकीट काढायला मामा तयार होते. त्या दिवशी सकाळी सात वाजता फळ्यावर लिहिलेलं होतं:

'ऊन – ते काय निवृत्त होत न्हाई.
वारं – भोकरकडं चाललंय. मीबी.
पाणी – तळ्यात पुरंल एवढं हाय. डोळ्यात कुणाच्या येणार न्हाई.
पाव्हणं – आता मीच.'

दिवसभर माणसं येत राहिली. भोकरच्या त्या शाळेचे हेडमास्तर आले, तळ्याच्या कामावरच्या जुन्या बाया आल्या, सुती साडीवाल्या बाई नांदेडहून आल्या, या वेळी यजमानांसकट. मामा सगळ्यांच्या पायाकडे बघून मग तोंडाकडे बघत होते. चारची गाडी आली. मी त्यांची ट्रंक चढवली. ते खिडकीशी बसले, पिशवीत हात घातला आणि एक कांदा काढून माझ्या हातात दिला.

"ठेवा. परत नगं."

मी बाहीने डोळे पुसले.

"काय झालं?"

"कांदा आहे, मामा," मी म्हणालो.

"न सोललेल्या कांद्यानं कुनी रडत न्हाई, लातूरकर," ते म्हणाले, आणि तोंड दुसरीकडे केलं. गाडी हलली. "जयभीम," ते खिडकीतून ओरडले. मी शरणार्थ म्हणालो, पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. मग फाटकाशी आलो. वानरं सगळी हजर होती. ऊन उतरलं होतं. फळ्याची खालची जागा पहिल्यांदाच कोरी राहिली होती आणि खडूची डबी उघडी होती. मी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. पाण्याच्या ओळीशी थांबलो. मग खडू उचलला, आणि त्यांच्या अक्षरासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करत खाली लिहिलं, 'खोटं'.